एक एक्स, दोन एक्स आणि डोळ्यांचा एकच रंग: एका पदवी प्रोजेक्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या सीमेलगतच्या एका डिग्री कॉलेजातलं हे प्रकरण. कॉलेज, प्रोजेक्टच्या मार्गदर्शक मॅडम आणि विद्यार्थी ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव आणि काही तपशील बदलले आहेत. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचे तीन विद्यार्थी होते. एक मुलगी खानापूरकडची, एक मुलगा निपाणीचा, आणि तिसरा रामदुर्गकडचा, घरात कन्नड बोलणारा. पहिल्या दोघांची शाळा मराठी माध्यमाची. प्रोजेक्टचा अहवाल इंग्रजीत लिहायचा, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजीत, वाद मात्र मराठीत आणि अधूनमधून कन्नडमध्ये. या भागातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत हेच दिसेल.

विषय मॅडमनी दिला होता: ड्रोसोफिलामधली मात्रा-भरपाई, म्हणजे डोसेज कॉम्पेन्सेशन. केळ्यांवर जमणाऱ्या या छोट्या माशीत मादीला दोन एक्स गुणसूत्रं असतात, नराला एक एक्स आणि एक वाय. वायवर जनुकं फार थोडी, आणि माणसात जसं वायमुळे मूल नर होतं तसं इथं होत नाही. एक एक्स असलेली पण वाय नसलेली माशी नरच होते, फक्त वांझ, हे कॅल्विन ब्रिजेसनं १९१६ मध्येच दाखवलं. एक्सवर मात्र दोन हजारांहून जास्त जनुकं आहेत, म्हणजे माशीच्या एकूण जनुकांचा सहावा-पाचवा हिस्सा. इतर गुणसूत्रांचा एवढा मोठा भाग एकाच प्रतीत आला तर माशी जगत नाही. नर मात्र एका एक्सवर ठणठणीत जगतो. एका प्रतीची ही उणीव तो कशी भरून काढतो, हा विषयाचा गाभा.

सामान साधंच होतं. म्हैसूर विद्यापीठातल्या ड्रोसोफिला साठा केंद्रातून आणलेले तीन वाण: लाल डोळ्यांचा जंगली वाण, पांढऱ्या डोळ्यांचा व्हाइट आणि जर्दाळूच्या रंगाच्या डोळ्यांचा ॲप्रिकॉट. खाद्याला रवा, महालिंगपूरचा गूळ, अगर आणि बुरशी लागू नये म्हणून थोडं प्रोपिऑनिक ॲसिड. दुधाच्या बाटल्या, कापसाचे बोळे, ईथर, रंगकामाचा बारीक ब्रश. सूक्ष्मदर्शक दोन, त्यातल्या एकाचा दिवा करंट खालीवर झाला की मिणमिणायचा.

व्हाइट आणि ॲप्रिकॉट ही एकाच जनुकाची दोन रूपं, आणि ते जनुक एक्सवर आहे. व्हाइटमध्ये ते जवळपास पूर्ण निकामी. ॲप्रिकॉटमध्ये त्यात कोपिया नावाचा एक फिरता डीएनए-तुकडा घुसलेला असतो, त्यामुळे ते चालतं पण कमी चालतं. या ‘कमी चालण्या’वरच पुढचं सगळं उभं आहे.

अडचण

सत्राच्या मध्यावर विभागात सादरीकरण झालं. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजचा शिक्षक म्हणून मीही बसलो होतो. विद्यार्थ्यांनी फोटो दाखवले. ॲप्रिकॉटची मादी, तिच्याकडे जनुकाच्या दोन प्रती. ॲप्रिकॉटचा नर, त्याच्याकडे एक. दोघांच्या डोळ्यांचा रंग सारखा. निष्कर्ष लिहून तयार होता: एक प्रत असूनही नरात रंग तेवढाच, म्हणून मात्रा-भरपाई सिद्ध.

मी एवढंच विचारलं, की मादीतली एक प्रत काढून घेतली असती तर तिचा रंग फिका पडला असता, हे तुम्ही कुठं दाखवलंय?

खानापूरच्या मुलीला प्रश्न लगेच कळला. ती म्हणाली, “सर, म्हणजे एका प्रतीतच रंग पुरा होत असेल, तर दुसरी असली काय नि नसली काय.”

नेमकं हेच. लाल डोळ्यांच्या जंगली वाणात तसंच घडतं. एक चांगली प्रत आणि एक व्हाइट प्रत असलेली मादी लालच दिसते, दोन चांगल्या प्रती असलेलीही लालच. तिथं नर आणि मादी सारखे दिसले म्हणून भरपाई झाली असं म्हणता येत नाही, कारण मोजपट्टीच त्या टोकाला संपलेली असते. हर्मन मुलरनं १९३२ मध्ये या कल्पनेला नाव दिलं तेव्हा त्यानं पूर्ण चालणारी जनुकं बाजूला ठेवून ॲप्रिकॉटसारखी अर्धवट चालणारी निवडली, ती याचसाठी. अशा जनुकाची एक प्रत कमी केली तर फरक डोळ्यांना दिसतो. त्याच्या मांडणीत तीन माश्या होत्या: दोन प्रतींची मादी, एका प्रतीची मादी आणि एका प्रतीचा नर. आपल्या विद्यार्थ्यांकडे यातल्या दोनच होत्या. मधली गायब.

दुसरी अडचण निपाणीच्या मुलानं स्वतःच समोर आणली. त्यानं डोकी कापून आम्लयुक्त पातळ अल्कोहोलमध्ये डोळ्यांचा तांबडा रंग उतरवला होता आणि कॉलेजच्या कलरीमीटरवर, म्हणजे द्रावणाच्या रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रावर, मोजला होता. जंगली वाणात मादीचं वाचन नरापेक्षा जास्त आलं. ॲप्रिकॉटमध्ये वाचन इतकं तळाशी होतं की काहीच धड सांगता येईना, पण तिथंही मादी किंचित वरचढ. त्याचं म्हणणं: “फोटोत सारखं दिसतंय मॅडम, खरं यंत्र तर मादीच्या बाजूनं बोलतंय. मग भरपाई अर्धीच झाली म्हणायची काय?”

सादरीकरण तिथंच अडलं. हातात दोन निष्कर्ष, एकमेकांना छेद देणारे, आणि माझ्या मते दोन्ही अजून पायाशिवायचे.

समोरचे पर्याय

मॅडमनी त्याच आठवड्यात बसून चार वाटा मांडल्या. मीही होतो, पण निर्णय त्यांचा आणि मुलांचा.

पहिली वाट विषयच बदलण्याची. लाल मादी आणि पांढरा नर यांचा नेहमीचा संकर, पहिल्या पिढीत सगळ्या लाल, दुसऱ्या पिढीत पांढऱ्या डोळ्यांचे फक्त नर. टॉमस मॉर्गननं १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या एका नरावरून जे उलगडलं तेच पुन्हा. हमखास जमणारं, गुण देणारं, आणि दरवर्षी दहा कॉलेजांत होणारं. मुलांनी ते ऐकतानाच नाकं मुरडली.

दुसरी वाट आरएनए, म्हणजे चालू जनुकावरून निघणारी नक्कल, मोजण्याची. नरातल्या एका एक्सवरून किती आरएनए निघतो आणि मादीतल्या दोनांवरून किती, हे थेट मोजलं की वाद संपतो. पण त्यासाठी लागणारी यंत्रं आणि रसायनं कॉलेजात नव्हती. मोठ्या संस्थेत नमुने पाठवायचे तर पैसा आणि वेळ दोन्ही नाही. ही वाट पाच मिनिटांत बाद झाली.

तिसरी लाळग्रंथींची. तिसऱ्या अवस्थेतली अळी खाद्य सोडून बाटलीच्या काचेवर चढते तेव्हा तिच्या लाळग्रंथीत जाडजूड, पट्टेदार गुणसूत्रं मिळतात. खाऱ्या द्रावणात ग्रंथी काढायची, ॲसिटो-ऑर्सीननं रंगवायची, काचपट्टीवर अंगठ्यानं दाबायची. अशा तयारीत नराचा एकुलता एक्स विलक्षण दिसतो. जोडी नसूनही रुंदीला तो जोडीतल्या गुणसूत्रांच्या जवळपास जातो, आणि फिका, सैल, फुगलेला असतो. १९६५ मध्ये ए. एस. मुखर्जी आणि जर्मनीतले वोल्फगांग बेरमान यांनी याच ग्रंथींना किरणोत्सारी युरिडीन, म्हणजे आरएनए बनवायला लागणारा कच्चा माल, दिलं. त्यांना दिसलं की नराचा एक एक्स मादीच्या दोन एक्सइतकाच आरएनए बनवतो. पुढे मुखर्जी आणि सुभाष लखोटिया यांनी हे काम कलकत्त्यात वाढवलं. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो, ते मला नेहमी खटकतं.

या तिसऱ्या वाटेचं वजन मोठं होतं, कारण तिथं एक्सची तुलना त्याच पेशीतल्या इतर गुणसूत्रांशी होते. धोकाही मोठा. हात बसायला वेळ लागतो आणि एखादी चांगली पट्टी मिळाली म्हणून ती पुरावा ठरत नाही.

चौथी वाट खानापूरच्या मुलीनं सुचवली, आणि ती इतकी सरळ होती की आधी कुणाला सुचली नाही याचंच नवल. मुलरकडे जनुकाचा तुकडाच गळालेली गुणसूत्रं होती. इथं ती नव्हती. पण व्हाइट वाण होता की! ॲप्रिकॉटची मादी आणि व्हाइटचा नर यांचा संकर केला तर मुलींना आईकडून ॲप्रिकॉट प्रत मिळते आणि बापाकडून निकामी व्हाइट प्रत. नावाला दोन एक्स, पण रंग बनवणारी प्रत एकच. हीच ती गायब मधली माशी. शिवाय त्याच बाटलीतल्या मुलांना, म्हणजे नरांना, एक्स फक्त आईकडून मिळतो: एक ॲप्रिकॉट प्रत. भाऊ आणि बहीण, खाद्य तेच, गर्दी तीच, उष्णता तीच, आणि चालणारी प्रत दोघांकडे एकेक. फरक फक्त लिंगाचा.

भरपाई होत नसेल तर भाऊ-बहीण सारखेच फिके दिसतील. होत असेल तर भाऊ गडद, बहीण फिकी, आणि भावाचा रंग आईच्या रंगाशी जुळेल.

काय ठरलं आणि काय केलं

चौथी वाट मुख्य, तिसरी जोडीला. कलरीमीटर बाजूला. निपाणीच्या मुलाला ते आवडलं नाही, आणि त्याची बाजू अगदीच चुकीची नव्हती. डोळ्यांनी रंग ठरवण्यापेक्षा आकडा बरा, असं शिकवणारे आपणच. म्हणून मॅडमनी त्याला यंत्राचं वाचन समजून घ्यायला लावलं. मादी नरापेक्षा मोठी, डोकं मोठं, माशीचा डोळा ज्यांचा बनतो ते बारीक कप्पेही जास्त. दर डोक्यामागे रंग मोजला तर मादीत तो जास्त येणारच, तिथं जनुकाच्या प्रतींचा काही संबंध नसला तरी. जंगली वाणातला फरक बहुतेक यातूनच आला. आणि ॲप्रिकॉटमध्ये तांबडा रंग मुळातच इतका कमी की रिकाम्या नळीच्या वाचनातला चढउतार आणि नर-मादीतला फरक यांत निवड करता येईना. त्यानं स्वतः रिकामी नळी पुन्हा पुन्हा लावून पाहिली आणि मग वाद सोडला. डोळ्यांचा दिसणारा रंग हा दर कप्प्याचा असतो, त्यामुळे तिथं डोक्याच्या आकाराचा गोंधळ फारसा शिरत नाही.

मग काळजी घ्यायच्या गोष्टी. ॲप्रिकॉटचे डोळे वयानुसार गडद होत जातात. म्हणून एकाच सकाळी बाहेर पडलेल्या माश्या वेगळ्या काढायच्या, सारख्याच दिवसांनी पाहायच्या. पहिल्या फेरीच्या फोटोंत वयाची नोंदच नव्हती. म्हणजे तिथला ‘सारखेपणा’सुद्धा योगायोग असू शकला असता.

दुसरी, उष्णतेची. मार्च सरत आला होता. पूर्वेकडच्या तालुक्यांत दुपारी खोली तापते, आणि तिशीच्या वर वाढलेले नर वांझ निघतात. इनक्युबेटर नव्हता. बाटल्या पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं, खिडकीला पोत्याचा पडदा. रामदुर्गच्या मुलानं हे सगळं सांभाळलं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

तिसरी काळजी सगळ्यांत महत्त्वाची: आई कुमारी हवी. ड्रोसोफिलाची मादी एकदा मीलन झालं की ते शुक्राणू साठवून वापरत राहते. बाटलीतल्या ॲप्रिकॉट भावाशी आधीच मीलन झालं असेल तर तिच्या मुली दोन ॲप्रिकॉट प्रतींच्या, म्हणजे गडद निघणार. २५ अंशांना कोषातून निघाल्यावर साधारण आठ तासांच्या आत मादी वेगळी करावी लागते. त्यासाठी मुलं पहाटे बाटल्या रिकाम्या करत आणि दुपारच्या आत नव्या माद्या उचलत. खानापूरची मुलगी पहिल्या एसटीनं येऊनही वेळ जुळेना, तेव्हा ती त्या आठवड्यांत गावातल्या मावशीकडे राहिली.

रंग पाहणाऱ्याला लिंग कळू नये, हा मुद्दा मॅडमचा. पण माशीचं पोट पाहिलं की नर-मादी लगेच कळतं: नराचं टोक काळं नि गोलसर, मादीचं टोकदार. म्हणून ईथर देऊन डोकी वेगळी केली, क्रमांक घातलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर मांडली, आणि कुठला क्रमांक कुणाचा हे फक्त एका वहीत. रंग ठरवायला बसला रामदुर्गचा मुलगा. त्यानं क्रम लावायचा होता, नावं द्यायची नव्हती: हा यापेक्षा गडद, हा फिका, हे दोन सारखे.

फोटोंबाबत एक तांत्रिक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण अनेक प्रोजेक्टांत ती निसटते. सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला मोबाईल लावून काढलेल्या फोटोत कॅमेरा स्वतःच्या अकलेनं रंग जुळवून घेतो. एकट्या फिक्या डोळ्याचा फोटो काढला तर तो गडद करून दाखवतो. तीनही गट एकाच चौकटीत, एकाच उजेडात असतील तरच त्या फोटोचा उपयोग.

निर्णयाचा कठीण क्षण: दोन छटांच्या मुली

एका बाटलीत मुली दोन छटांच्या निघाल्या. बऱ्याच फिक्या, काही स्पष्ट गडद. कारण उघड होतं, त्या बाटलीतल्या आयांमध्ये एखादी कुमारी नव्हती.

निपाणीच्या मुलाचं म्हणणं, गडद मुली वगळून फिक्या तेवढ्या धरूया, त्या तर नक्की संकराच्याच आहेत. ऐकायला ठीक वाटतं. मॅडम म्हणाल्या, “अरे, मुली फिक्या निघतात का हेच तर आपण शोधतोय. फिक्या निवडून घेतल्या आणि मग म्हणालो मुली फिक्या आहेत, तर काय शोधलं?”

पूर्ण बाटली बाद केली. मुदत जवळ असताना हे सोपं नव्हतं, आणि खानापूरच्या मुलीला त्या दिवशी रडू आलं, कारण त्या बाटलीच्या माद्या तिनं वेचल्या होत्या. माझ्या दृष्टीनं संपूर्ण प्रोजेक्टमधला हा सर्वांत चांगला निर्णय. बाकीच्या बाटल्यांत मुली एकाच छटेच्या होत्या.

हाती काय लागलं

नावं उघडल्यावर चित्र स्वच्छ होतं. रामदुर्गच्या मुलानं सर्वांत फिकी म्हणून लावलेली डोकी एका प्रतीच्या मुलींची निघाली, पिवळटसर फिकी. त्यांचे भाऊ जर्दाळू रंगाचे. आणि भावांना दोन प्रतींच्या ॲप्रिकॉट माद्यांपासून तो वेगळं काढू शकला नाही, क्रम लावताना ते दोन गट एकमेकांत मिसळले होते.

म्हणजे मादीत एक प्रत कमी केली की रंग उतरतो, पण नरात एकच प्रत असून उतरत नाही. एकट्या बैलानं जोडीची नांगरट ओढावी तसं नराच्या एक्सचं आहे, असं निपाणीच्या मुलानं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सांगितलं आणि परीक्षक हसले.

लाळग्रंथींच्या पट्ट्यांत नराचा फिका, रुंद एक्स काही ठिकाणी नीट दिसला. अळ्यांचं लिंग आधी ठरवलं होतं, नर अळीच्या अंगात मागच्या बाजूला मोठे पारदर्शक वृषण कातडीतून दिसतात त्यावरून. पण चांगल्या पट्ट्या मोजक्याच, म्हणून अहवालात त्या निष्कर्ष म्हणून न देता निरीक्षण म्हणून दिल्या. ते योग्यच झालं.

अहवालात यंत्रणेचा भाग मुलांनी वाचून लिहिला आणि तो बरा उतरला. मादीत एसएक्सएल नावाचं प्रथिन असतं. ते एमएसएल-२ या जनुकाच्या आरएनएला चिकटून त्यापासून प्रथिन बनू देत नाही. नरात एसएक्सएल नसतं, म्हणून एमएसएल-२ बनतं आणि एमएसएल-१, एमएसएल-३, एमएलई, एमओएफ या प्रथिनांना घेऊन एक संकुल उभं राहतं. त्यात रॉक्स-१ आणि रॉक्स-२ हे दोन आरएनएही असतात, जे प्रथिन बनवत नाहीत, आणि त्यांची जनुकं एक्सवरच आहेत. हे संकुल एक्सवरच्या ठरावीक जागी आधी बसतं आणि तिथून चालू जनुकांवर पसरतं. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी हिस्टोन एच-४ या प्रथिनाच्या सोळाव्या जागेवरच्या लायसिनवर एमओएफ ॲसिटिल गट चढवतं, गुणसूत्राची बांधणी सैल होते आणि जनुकं जास्त जोरानं वाचली जातात. यातलं एमएसएल-२ नरात बिघडलं तर नर अळी-कोषाच्या टप्प्यावर मरतात, बहिणी मात्र मजेत जगतात. उलट मादीत ते जबरदस्तीनं बनवलं तर तिचे दोन्ही एक्स उगाच जोर धरतात आणि तिला ते सोसत नाही.

सस्तन प्राण्यांत उलटी तऱ्हा आहे, हेही त्यांनी लिहिलं: तिथं मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गप्प केला जातो, मेरी लायननं १९६१ मध्ये मांडलं तसं. आणि सीनोऱ्हॅब्डायटिस या सूक्ष्म कृमीत दोन एक्सवाला जीव दोन्ही एक्सचा आवाज निम्मा करतो. प्रश्न एक, उत्तरं तीन.

व्हायवा आणि उरलेलं छिद्र

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थेट मर्मावर बोट ठेवलं. नराच्या डोळ्यात रंग बनवण्याची सगळी घडामोडच जोरात चालत असेल तर? मग एक्सचा काही संबंध नसतानाही एका प्रतीचा नर दोन प्रतींच्या मादीइतका गडद दिसेल.

खानापूरच्या मुलीनं उत्तर दोन टप्प्यांत दिलं. आधी म्हणाली, भरपाई फक्त डोळ्यांच्या जनुकापुरती दिसत नाही. एक्सवरच्या, डोळ्यांशी संबंध नसलेल्या अनेक जनुकांत ती दिसते, आणि एक्सचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसला तरी त्यावरची भरपाई बहुधा टिकते. मग थांबून म्हणाली, “पण सर, हे वाचलेलं आहे. आमच्या प्रयोगात ते नाही. दुसऱ्या गुणसूत्रावरचं, एक प्रत कमी केली की फिकं पडणारं एखादं डोळ्याचं जनुक घेऊन तेच नर-मादीत तपासायला हवं होतं.”

दुसराही प्रश्न आला आणि त्यालाही उत्तर प्रामाणिक होतं: डोळ्यांच्या रंगावरून नराचा एक्स दुप्पट जोरानं चालतो, की मादीचे दोन्ही निम्म्यानं, हे सांगता येत नाही. रंग दोघांमधला फरक सांगतो, दिशा सांगत नाही. दिशेसाठी एक्सची तुलना इतर गुणसूत्रांशी करावी लागते, आणि त्यासाठीच लाळग्रंथींची वाट घेतली होती.

गुण चांगले मिळाले. त्यापेक्षा मला त्या दोन उत्तरांचं जास्त वाटलं.

वेगळं काय करता आलं असतं

संकराची उलटी दिशाही लावायला हवी होती, व्हाइट मादी आणि ॲप्रिकॉट नर. त्यात मुली पुन्हा एका प्रतीच्या, पण आई कुमारी नसेल तर पांढऱ्या डोळ्यांच्या मुली निघतात आणि चूक लगेच दिसते. वर सांगितलेल्या बाटलीसारखी छटा ताडत बसायची वेळ येत नाही. भाऊ पांढरे निघतात, त्यामुळे भाऊ-बहीण तुलना या दिशेत होत नाही. दोन्ही दिशा एकत्र लावल्या तर एकीचं उणं दुसरी भरून काढते. शिवाय एक प्रत आईकडून आली काय नि बापाकडून, मुलींचा रंग तोच राहतो का, हेही सोबतच तपासून होतं. माझ्या मते कुठल्याही नव्या गटानं सुरुवात याच दिशेनं करावी, कुमारी माद्या वेचण्यात हात बसेपर्यंत तरी.

कलरीमीटरवर पहिले काही आठवडे गेले. ॲप्रिकॉटचा रंग त्या यंत्राच्या आवाक्यात येतो का, हे एका दुपारी रिकामी नळी आणि जंगली वाण लावून कळलं असतं.

लाळग्रंथींचं काम सत्राच्या सुरुवातीला, थंडीत सुरू करायला हवं होतं. तेव्हा अळ्या सावकाश वाढतात, धष्टपुष्ट होतात आणि ग्रंथी मोठ्या मिळतात. मार्चच्या उकाड्यात, गर्दीच्या बाटल्यांतल्या अळ्यांवर हात बसवणं म्हणजे उगाच अवघड केलेलं काम.

आणि एका मुद्द्यावर मॅडम आणि मी अजून भांडतो. व्हाइट जनुकाचंच इओसिन नावाचं एक रूप आहे, ज्यात भरपाई नीट होत नाही: मादी नरापेक्षा स्पष्ट गडद दिसते. मॅडमना पुढच्या गटाला ॲप्रिकॉट आणि इओसिन शेजारी शेजारी द्यायचे आहेत, म्हणजे भरपाई होते तेव्हा आणि होत नाही तेव्हा काय दिसतं हे दोन्ही हाताशी राहील. माझं म्हणणं, एकाच जनुकाच्या दोन रूपांत असं वेगळं का वागणं, याचं उत्तर पदवीच्या प्रोजेक्टमध्ये निघणार नाही आणि मुलं अहवालात काहीतरी ठोकून देतील. त्या म्हणतात, मग तसं लिहू दे की, की हे आम्हाला सुटलं नाही. इओसिनची मागणी त्यांनी पाठवलीही आहे.